उकडलेली अंडी की उकळलेली अंडी?

माझी भाची यंदा शिकायला घराबाहेर पडली. खोलीत एक छोटी शेगडी आणि एक पातेलं, एवढाच संसार. परवा तिचा निरोप आला, "मावशी, अंडी किती मिनिटं उकळू?" मिनिटं सांगितली, पण 'उकळू' हा शब्द दिवसभर टोचत राहिला. मग लक्ष ठेवलं तर पाककृतींच्या व्हिडिओत, पाकिटांवर, सगळीकडे 'उकळलेली अंडी', 'उकळलेले बटाटे'. आमच्या घरी पाणी उकळायचं, दूध उकळायचं, चहा उकळायचा. अंडी, बटाटे, रताळी, शेंगा मात्र उकडायच्या. हा फरक फक्त आमच्या घरापुरता होता का? तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद:
नाही हो, फरक सगळ्या मराठीत आहे. 'उकळी' येते ती पातळ पदार्थाला. म्हणून उकळी फुटते, आनंदाच्याही उकळ्या फुटतात. 'उकडणे' म्हणजे ओल्या उष्णतेत आतून शिजणे. म्हणूनच मे महिन्यात घामाघूम झालो की 'उकडतंय' म्हणतो, 'उकळतंय' कुणी म्हणत नाही. गोंधळ हिंदीमुळे झालाय. हिंदीत पानी भी उबालते हैं, अंडे भी. एकाच शब्दात दोन्ही. इंग्रजीतही तेच. त्यांचं भाषांतर करताना आपला दुसरा शब्द गळून पडतो.

प्रतिसाद:
पण अंडं आतून पातळच असतं की! मग 'पातळ पदार्थ उकळतो' या नियमाने अंडं उकळायला काय हरकत?

मूळ लेखिका:
या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण उत्तर अंड्यातच आहे. पांढरं साधारण 62 अंश सेल्सिअसच्या पुढे आळायला लागतं, पिवळा बलक 65 ते 70 अंशांच्या आसपास. पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या बऱ्याच खाली आतला सगळा ऐवज घट्ट होतो. म्हणजे कवचाच्या आत उकळी कधी येतच नाही. भोवतालचं पाणी उकळत असतं आणि अंडं उकडत असतं. दोन क्रिया, दोन शब्द.

आणि हे नुसतं शब्दांपुरतं नाही. 'उकळायचं' म्हटलं की माणूस गॅस मोठा करून खळखळ उकळत ठेवतो. अंडी एकमेकांवर आपटतात, तडकतात, पांढऱ्याच्या चिंध्या पाण्यात तरंगतात. भाचीचं नेमकं हेच झालं होतं. 'उकडायचं' म्हटलं की आच आपोआप मंद होते.

प्रतिसाद:
मग रीतही लिहून टाका ताई, नव्याने स्वयंपाक करणारे इथे पुष्कळ वाचतात.

मूळ लेखिका:
लिहिते. अंडी बुडून वर बोटभर पाणी राहील असं गार पाणी घालायचं. उकळी फुटली की आच कमी करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. मग लगेच गार पाण्यात टाकायची. जास्त वेळ ठेवली की बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती तयार होते. खायला अपाय नाही, पण बलक भुसभुशीत होतो आणि वास येतो. गार पाण्यात टाकल्याने शिजणं तिथेच थांबतं.

उकळी आलेल्या आधणात सोडली तरी चालतात, उलट सोलायला सोपी जातात. फक्त झाऱ्याने अलगद सोडावीत. फ्रिजमधली गार अंडी थेट आधणात टाकली की तडकायची भीती असते.

प्रतिसाद:
'आधण' शब्द किती दिवसांनी वाचला! कुठलंही उकळतं पाणी म्हणजे आधण नव्हे. शिजवायच्या पदार्थासाठी तापत ठेवलेलं पाणी ते आधण. आजी म्हणायची, "आधण आलं का बघ."
आणि अंडी अगदी ताजी असतील तर सोलताना पांढरं सालीला चिकटून येतं. आमच्या घरच्या कोंबड्यांची अंडी आम्ही आठवडाभर ठेवून मग उकडतो. रुंद टोकाकडे हवेची पोकळी असते, तिथे टिचकी मारून सोलायला सुरुवात करायची.

प्रतिसाद:
कोकणातून लिहितोय. आमचा उकडा तांदूळ विसरू नका. भात सालासकट उकडायचा, वाळवायचा, मग भरडायचा. अंडं, शेंग, रताळं, भात, सगळं आपापल्या सालीत उकडतं. मला वाटतं 'उकडणे' म्हणजे सालीसकट शिजवणे.

प्रतिसाद:
सुंदर निरीक्षण, पण मोदकाचं काय कराल? त्याला साल नाही. शिवाय 'उकडीचे मोदक' यातली उकड म्हणजे तांदळाच्या पिठाची उकड, ज्याची पारी होते. ताक-लसूण घालून नाश्त्याला करतो तीही उकडच. तिथे पाण्याला उकळी आणतात, त्यात पीठ घालतात, झाकण ठेवून वाफ काढतात. उकळणं आधी, उकड नंतर. दोन्ही शब्द एकाच पातेल्यात दिसतात.

मूळ लेखिका:
हे पटलं. साल हवीच असं नाही, वाफ किंवा पाणी आत मुरून पदार्थ शिजला पाहिजे. कुकरमध्ये भांड्यात पाणी न घालता नुसत्या वाफेवर केलेल्या अंड्यांनाही आपण उकडलेलीच म्हणतो.

प्रतिसाद:
एक शंका. इंग्रजीत 'हार्ड बॉइल्ड' वेगळं सांगतात. मराठीत काय म्हणायचं? 'कडक उकडलेलं'?

मूळ लेखिका:
गरजच नाही. मराठीत 'उकडलेलं अंडं' म्हणजे पुरतं घट्ट झालेलंच. बलक ओला ठेवला असेल तर तेवढं वेगळं सांगावं लागतं: 'अर्धकच्चं', नाहीतर गाडीवर म्हणतात तसं 'हाफ बॉईल'. गाडीवरचं 'दोन बॉईल द्या' मला खटकत नाही, तो तिथला शब्द झालाय. 'कडक' लावलं तर मला अंडं जास्त शिजून रबरासारखं झालंय असं वाटेल.

जाता जाता: एक अंडं, चार अंडी. 'चार अंडे' हल्ली फार ऐकू येतं.

भाचीला हे सगळं पाठवलं. आज सकाळी फोटो आला, मधोमध कापलेलं अंडं, बलक पिवळाधमक, कडा कुठेच नाही. खाली लिहिलं होतं, "मावशी, उकडलं!"