क्लाऊनफिशची जोडी वारंवार अंडी घालते: नर वेगळा ठेवावा का?

सागरिका (ठाणे):
नमस्कार. आमच्या घरी सुमारे 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत ऑसेलारिस क्लाऊनफिशची एक जोडी, एक गोबी मासा, दोन क्लीनर श्रिंप (कोळंबीसारखे जीव) आणि थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आहेत. गेल्या पावसाळ्यापासून ही जोडी दर पंधरवड्याला, कधी त्याच्याही आधी, मागच्या खडकाच्या सपाट अंगावर नारिंगी अंडी घालते, नर आठवडाभर त्यांना वारा घालत बसतो आणि मग एका सकाळी सगळी अंडी नाहीशी झालेली असतात. अंडी असतात त्या काळात मादी काच पुसणाऱ्या हाताला चावते आणि गोबीला कोपऱ्यातून बाहेर येऊ देत नाही. इतक्या वारंवार अंडी घातल्याने मादीची प्रकृती खालावेल का, आणि दर वेळी शेकडो पिल्ले मरत असतील तर त्यामुळे पाणी बिघडत असेल का, अशी काळजी वाटते. घरातल्यांच्या मते अंडी खरवडून टाकावीत. मला मात्र नराला काही महिने दुसऱ्या टाकीत ठेवावे असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रवाळवेडा (पुणे):
नराला वेगळे करण्याचा विचार आपण पूर्णपणे सोडून द्यावा, ही माझी पहिली विनंती आहे. क्लाऊनफिश आधी नर म्हणून वयात येतो आणि गटातला सर्वांत मोठा, वरचढ मासा पुढे मादी होतो. एकदा झालेला हा बदल उलट फिरत नाही. आपल्या जोडीतला नर आज नर आहे तो केवळ समोर त्याच्याहून मोठी मादी असल्यामुळे. त्याला काही महिने एकटे ठेवले तर तो स्वतःच मादी होण्याच्या वाटेला लागेल, आणि नंतर आपण दोघांना एकत्र आणाल तेव्हा त्या टाकीत दोन माद्या असतील. अशा भांडणात बहुधा एकीचा जीव जातो.

अंडी खरवडण्यानेही काही साधत नाही, कारण मादीच्या पोटातील पुढची अंडी त्यामुळे थांबत नाहीत आणि आपण मात्र दर पंधरा दिवसांनी चिडलेल्या जोडीशी सामना करत राहाल. पोसलेल्या, स्थिरावलेल्या जोडीने दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने वर्षानुवर्षे अंडी घालणे हे स्वाभाविक आहे. अंडी सकाळी नाहीशी होतात याचाही उलगडा सोपा आहे: साधारण 27 अंशांच्या पाण्यात सातव्या-आठव्या रात्री, दिवे बंद झाल्यावर तासा-दोन तासांत ती फुटतात. ती पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गायब होत असती, तर ती फळलेली नव्हती किंवा आईबापांनीच खाल्ली, असे मी म्हटले असते.

पाण्याची काळजी नसावी. ही पिल्ले जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असतात, आणि रात्रीतून कोरल, श्रिंप व स्किमर (फेसातून पाण्यातील घाण काढणारे यंत्र) त्यांचा फडशा पाडतात. समुद्रातही त्यांतील बहुतेकांचे हेच होते. आपल्याएवढ्या, नीट बसलेल्या टाकीत त्यामुळे अमोनिया वाढू नये. खात्री हवी असेल तर अंडी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा चाचणी करून पाहा.

वेग कमी करायचा असेल तर तो उष्णता, उजेड आणि खाद्य या तिघांतून होतो. पाणी 28-29 अंशांवर, दिवे बारा तास आणि दिवसातून तीनदा फ्रोझन मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचे गोठवलेले खाद्य) असा थाट असेल, तर जोडीने थांबावे तरी कशाला? दिवे आठ तासांवर आणावेत, तापमान दररोज अर्ध्या अंशापेक्षा जास्त न उतरवता 25-26 पर्यंत न्यावे आणि खाद्य थोडे कमी करावे. मात्र मादीची उपासमार करू नये. अंडी ती खाल्लेल्या अन्नातूनच तयार करते, त्यामुळे भरपूर खाणाऱ्या मादीला वारंवार अंडी घालण्याने सहसा अपाय होत नाही. पोट आत ओढलेले दिसू लागले किंवा ती खाण्याकडे दुर्लक्ष करू लागली, तरच चिंता करावी.

खारे पाणी (रत्नागिरी):
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त गोबीच्या हालांविषयी थोडे लिहितो. अंडी घालण्याच्या खडकाला टेकवून मातीची साधी, झिलई नसलेली छोटी कुंडी आडवी ठेवा. जोडीने ती स्वीकारली की दोन वेळच्या अंड्यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत तिला रोज थोडे थोडे सरकवत गोबीपासून दूरच्या कोपऱ्यात न्या. राखण अंड्यांच्या आसपासच कडक असते, त्यामुळे टाकीचा दुसरा अर्धा भाग गोबीला मिळतो. काच पुसण्याचे कामही याच मोकळ्या दिवसांत उरकावे. अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागले की ती त्या रात्री किंवा दुसऱ्या रात्री फुटणार असे समजावे, आणि तेव्हा हात आत घालू नये.

मत्स्यबीज (नवी मुंबई):
पिल्ले वाढवण्याचा मोह होईल, म्हणून आधीच लिहितो. दर खेपेची पिल्ले वाढवणे घरगुती माणसाला झेपत नाही. वर्षातून एखादी खेप पुरे. पिल्लांचे तोंड इतके लहान असते की सुरुवातीचे दिवस त्यांना जिवंत रोटिफरच (पाण्यातले सूक्ष्म जीव) लागतात, आणि ते रोटिफर जगवायला नॅनोक्लोरॉप्सिससारखे हिरवे शेवाळ लागते. म्हणजे मासे वाढवण्याआधी माशांच्या खाद्याचे खाद्य वाढवावे लागते, आणि हे सारे अंडी फुटण्याच्या कितीतरी आधी तयार असावे लागते. आठवडाभराने आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) नुकती निघालेली पिल्ले देता येतात. दहाव्या दिवसाच्या आसपास पांढरे पट्टे उमटू लागले की अवघड टप्पा सरला असे मानतात.

फुटण्याच्या रात्री पंपाचा प्रवाह बंद करून एका कोपऱ्यात विजेरी धरावी, पिल्ले उजेडाकडे जमतात. त्यांना जाळीने उचलू नये, पेल्याने पाण्यासकट काढून त्याच टाकीचे पाणी भरलेल्या वेगळ्या, बाजूंनी काळ्या केलेल्या छोट्या टाकीत सोडावे. हवेचा बुडबुडा अगदी मंद ठेवावा.

विक्रीयोग्य होईपर्यंत तीन-चार महिने जातात, म्हणून शंभर पिल्लांसाठी जागा, पाणी आणि गिऱ्हाईक आहे का, हे आधी ठरवावे. दुकानदार थोडीच घेतात आणि भावही पाडून मागतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी क्लाऊनफिशचे बीजोत्पादन सुरू केले आहे, त्यामुळे बाजारात टाकीत वाढलेले मासे येऊ लागले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे, कारण समुद्रातून पकडण्याची गरज तेवढी कमी होते. उरलेली पिल्ले समुद्रात सोडण्याचा विचार मात्र कोणी करू नये. टाकीतले रोग त्यांच्यासोबत जातात.

सागरिका (ठाणे):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नर जिथे आहे तिथेच राहील. आमच्याकडे चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नाही, आणि उन्हाळ्यात पाणी 30 अंशांपर्यंत जाते. पंख्याने भागेल का?

प्रवाळवेडा (पुणे):
पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारा छोटा पंखा कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरवतो. ठाण्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्याचा उपयोग कमी होईल, तरी चिलरच्या खर्चाआधी तो लावून पाहावा. बाष्पीभवन वाढले की खारेपणा वाढतो, म्हणून पातळी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरावी, मिठाच्या पाण्याने नव्हे. आणि टाकीचे झाकण पूर्ण काढून ठेवणार असाल तर वर जाळी बसवा, गोबी उड्या मारतात.