प्लगइन 'डिस्कव्हरी'ला मराठीत काय म्हणाल?

विक्रोळीकर: आमच्याकडे मराठी माध्यमाच्या मुलांसाठी कोडिंगचा वर्ग चालतो. ती वापरतात त्या एडिटरची, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरची, मदतपानं मराठीत आणतोय. एका पानाचा विषय आहे प्लगइन डिस्कव्हरी आणि इन्स्टॉलेशन सोपं करणं. प्लगइन म्हणजे एडिटरला नवी सोय देणारा छोटा प्रोग्राम. मी लिहिलं 'प्लगइनांचा शोध आणि स्थापना'. तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्द खोडले. शोध म्हणजे सर्च, आणि मुलाला प्लगइनचं नावच ठाऊक नसेल तर तो शोधणार काय, असं त्या म्हणतात. मग कुठला शब्द घेऊ?

शब्दवेल्हाळ: बाईंचं बरोबर आहे. पोलीस शोध घेतात, शास्त्रज्ञ शोध लावतात. इथे दोन्ही होत नाही. व्हीएस कोड या एडिटरमध्ये पायथन भाषेतली फाइल उघडली की तो आपणहून पायथनचं एक्स्टेन्शन, म्हणजे प्लगइनच, पुढे करतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येही शिफारशींची यादी ठेवता येते. नव्या माणसाने तो उघडला की त्याला ती दिसते. सरळ 'शिफारस' लिहा.

लालबाग_जुना: शिफारस एडिटर करतो. मुलाच्या बाजूने काय घडतं? त्याला ते गवसतं!

शब्दवेल्हाळ: गवसणे मुळात गवेषणातून आलंय, आणि गवेषण म्हणजे गायी शोधत हिंडणं. पुन्हा शोधच आला की.

लालबाग_जुना: मूळ काही असो, आज 'गवसलं' म्हटलं की अवचित हाती लागलं असाच अर्थ निघतो. आमच्या घरी मालवणीत 'गावला' म्हणतात. अख्ख्या गिरणगावाला हा शब्द कळतो.

मराठीच_हवी: पुण्या-नागपूरच्या मुलांना 'गावला' कसं कळेल? मदतपानाला प्रमाण शब्दच हवा. आणि 'स्थापना' का खोडली? 'स्थापित करा' कितीतरी मराठी पडद्यांवर रुळलंय.

लालबाग_जुना: पडद्यावर रुळलंय, तोंडात नाही. लालबागला गणपतीसुद्धा 'बसवतात'. नळ बसवतो, मीटर बसवतो, तसं प्लगइन बसवावं.

परळचा_प्रोग्रामर: ऑफिसात सगळे 'तो प्लगइन टाक' म्हणतात. बसवणं वगैरे कोणी म्हणत नाही.

ईमॅक्सवाला: आम्ही खरोखर बसवायचो. फाइल उतरवायची, फोल्डरात ठेवायची, कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, वाट दाखवायची, आणि ते प्लगइन दुसऱ्या कशावर अवलंबून असेल तर तेही हुडकून आणायचं. 2012 मध्ये ईमॅक्स या एडिटरची आवृत्ती 24 आली आणि पॅकेजांची, म्हणजे प्लगइनांची, यादी एडिटरच्या आतच मिळाली. विम या दुसऱ्या एडिटरला स्वतःची पॅकेज-सोय 2016 मध्ये, आवृत्ती 8 पासून. तोवर लोक त्यासाठी वेगळा मॅनेजर ठेवायचे, म्हणजे प्लगइन बसवण्यासाठी आधी आणखी एक प्लगइन बसवा! आता एका बटणावर काम होतं. ही सोय हवीच होती. नवशिके आमच्या काळी तिथेच गळायचे. पण 'टाक' शब्दाला माझा विरोध आहे. व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन एडिटरच्याच परवानग्यांनिशी चालतं. तुमच्या फायली वाचू शकतं, बदलू शकतं. घरात माणूस ठेवताना आपण चौकशी करतो. 'टाक'मध्ये ती चौकशी ऐकूच येत नाही.

परळचा_प्रोग्रामर: ती चौकशी बटणाशेजारी दिसायला हवी. प्रकाशक कोण, शेवटची आवृत्ती कधीची, कोड सगळ्यांना वाचायला उघडा आहे का. शब्दावर एवढं ओझं का?

ईमॅक्सवाला: कारण मूल आधी शब्द वाचतं.

मराठीच_हवी: मुळात 'प्लगइन' तरी कशाला? 'पुरवणी' आहे ना! पुरवणे या क्रियापदाचाच शब्द, आणि पेपरसोबत दर रविवारी घरी येतो.

विक्रोळीकर: वर्गातल्या मुलांना पुरवणी म्हणजे परीक्षेत मागतात तो जादा कागद.

मराठीच_हवी: मग झालंच की. मूळ उत्तरपत्रिका पुरेना म्हणून जोडलेला कागद. एडिटरला आणखी काय करतात?

शब्दवेल्हाळ: पटलं नाही. पुरवणीत त्याच उत्तराचा उरलेला भाग असतो. प्लगइन एडिटरला नवं काम शिकवतं. 'जोड' बरा.

परळचा_प्रोग्रामर: आधी एक सांगा, वर निम्मे लोक 'ते प्लगइन' लिहितायत. आमच्याकडे 'तो प्लगइन' आहे.

मराठीच_हवी: तो कसा? इंजिन, मशीन सगळी नपुंसकलिंगी.

लालबाग_जुना: आणि माइक? स्विच? तो प्लगसुद्धा 'तो'च.