पुठ्ठ्याचे खांब, खरे दंड: जुन्या तलवारपटांची थट्टा पुरे झाली

डावखुरा (धागाकर्ता)

आमच्या गल्लीत गणपतीला रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. पुढच्या बाजूला सतरंज्या टाकून आयाबाया संध्याकाळपासूनच जागा धरायच्या, त्यामुळे आम्हा पोरांची वर्णी पडद्यामागे. एके रात्री ठरलेल्या मराठी सिनेमाची रिळं आलीच नाहीत. मशीनवाल्याकडे एक इंग्रजी सिनेमा पडून होता, तोच त्याने लावला. दाढीवाला धिप्पाड गडी, मनगटांना तुटलेल्या साखळ्या. त्याच साखळ्यांनी आधी सैनिकांना झोडपतो, मग त्या राजवाड्याच्या खांबांना गुंडाळून असा काही ओढतो की अख्खं छप्पर खाली. मागून बघत असल्यामुळे सगळ्यांच्या तलवारी डाव्या हातात! ग्रीक माणसं जन्मजात डावखुरी असतात असं मी सातवीपर्यंत धरून चाललो होतो.

पुढे कळलं, तो १९५८चा इटालियन 'हर्क्युलिस'. दिग्दर्शक पिएत्रो फ्रांचिशी, आणि गडी म्हणजे स्टीव्ह रीव्ह्ज, १९४७चा मिस्टर अमेरिका, १९५०चा मिस्टर युनिव्हर्स. जोसेफ लेव्हीन नावाच्या अमेरिकन वितरकाने १,२०,००० डॉलरला हक्क घेतले आणि जाहिरातीवर दहा लाखांहून जास्त उडवले. १९५९मध्ये तो अमेरिकेत तुफान चालला, आणि इटलीत हर्क्युलिस, माचिस्ते, सॅमसन, उर्सूस अशा बलदंड नायकांच्या सिनेमांची रांग लागली. पाच-सहा वर्षांत शंभराहून जास्त सिनेमे. फ्रेंच समीक्षकांनी या प्रकाराला 'पेप्लम' म्हटलं. पेप्लम म्हणजे ग्रीक बायकांचं वस्त्र. सिनेमाभर पुरुषांच्या मांड्या आणि नाव बायकांच्या कपड्याचं!

आता मुद्दा. हे सिनेमे 'इतके वाईट की मजा येते' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वाईट कशाला? तिकीट काढून आलेल्याला एक बलदंड माणूस, एक राक्षस, एक कपटी राणी आणि शेवटी कोसळणारं काहीतरी दाखवायचं, हा सौदा त्यांनी चोख पाळला. उलट हॉलिवूडचे भव्य रोमनपट मला जड जातात. 'बेन-हर' बघताना सत्यनारायणाला बसल्यासारखं वाटतं. रथांची शर्यत हा प्रसाद, तोवर अध्याय ऐकत राहायचं.

बोला.

रविवारची_झोप

परवा एक लावला होता. ओठ एकीकडे, शब्द तिसरीकडे. विसाव्या मिनिटाला मी घोरत होतो असं घरच्यांचं म्हणणं आहे. गणपतीत पाहिलेलं सगळंच गोड लागतं हो. (हलकं घ्या.)

डावखुरा

ओठांचं कारण सांगतो. इटलीत तेव्हा चित्रीकरणाच्या वेळी आवाज धरायची पद्धतच नव्हती. अमेरिकन नट इंग्रजीत बोलणार, समोरची नटी इटालियनमध्ये, आणि सगळ्यांचे आवाज नंतर स्टुडिओत भरणार. इंग्रजी आवृत्तीतही रीव्ह्जचा आवाज दुसऱ्याचाच आहे. झोपेचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

सनावळी

धागा खुसखुशीत आहे, पण शतशः असहमत. मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि या सिनेमांनी केलेली घाण दरवर्षी उत्तरपत्रिकांतून उपसते. रोमन जहाजांवर साखळदंडांनी बांधलेले गुलाम वल्ही मारतात, हे ठरलेलं. प्रत्यक्षात रोमन आरमारातले वल्हेकरी बहुतांशी स्वतंत्र, पगारी माणसं. अंगठा खाली केला की ग्लॅडिएटर मेला, हेही ठरलेलं. अंगठा वळवण्याचा उल्लेख लॅटिनमध्ये आहे, पण कुठे वळवायचा हे स्पष्ट नाही. खाली झुकलेला अंगठा लोकांच्या डोक्यात पक्का बसला तो जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२च्या चित्रामुळे. पांढरेशुभ्र पुतळे आणि देवळंही तसलीच, मुळात ती रंगवलेली असत. आणि हात लांब करून केलेला तो 'रोमन सलाम' एकाही रोमन ग्रंथात सापडत नाही.

सिनेमावाल्यांना मोकळीक असावी, मान्य. पण दोन हजार वर्षांपूर्वीचं जग म्हटलं की एवढंच आठवणार असेल तर नुकसान मोठं आहे.

डावखुरा

ताई, तुमची सगळी उदाहरणं हॉलिवूडच्या भव्यपटांना आणि त्यांच्या वारसांना लागतात, आणि त्यांना तर मीच नावं ठेवलीत. माझा हर्क्युलिस सिंहाशी झोंबतो, सोनेरी लोकर आणायला जातो. त्यात सनावळी शोधणं म्हणजे भारुडात व्याकरण शोधणं.

चिंचपेटी

व्याकरण राहू दे, बायकांचं बोला. दोनच साचे: एक गोरीगोमटी राजकन्या, जी सिनेमाभर पळवली जाते, आणि एक राणी, जी काळ्या केसांची म्हणून दुष्ट. १९५९च्या दुसऱ्या भागात हर्क्युलिस विस्मरणाचं पाणी पितो आणि बायकोला विसरून ओम्फाले राणीच्या महालात पडून राहतो. ही राणी आधीच्या प्रियकरांची प्रेतं मसाले भरून पुतळ्यांसारखी मांडून ठेवते! आता मला सांगा, त्या अख्ख्या सिनेमात डोकं चालवणारी, बेत आखणारी, आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असणारी दुसरी कोण आहे? आणि तिलाच शेवटी मरावं लागतं. हर्क्युलिसला मात्र "पाणी प्यायलो होतो" एवढ्यावर सगळं माफ. आमच्याकडे असं काय काय पिऊन येणारे आणि माफ होणारे कमी आहेत का?

अवांतर: दंडांबद्दल माझी तक्रार नाही. कॅमेरा एवढ्या निवांतपणे पुरुषाकडे बघतोय, हे एरवी दिसतं कुठे.

डावखुरा

दंडवत. ओम्फालेबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

तालमीतला

कोल्हापूरकडचा आहे, म्हणून दंडांवर बोलायचा हक्क बजावतो. शीर्षकात 'खरे दंड' म्हटलंय. खरे खरे, पण कशासाठी? रीव्ह्जचं अंग बघण्यासाठी कमावलेलं अंग हाय. कंबर बारीक, खांदे रुंद, पोटावर घड्या. लाल मातीत जोर-बैठका मारलेल्या पैलवानाचं पोट तसं नसतंय, मान तर नसतीयच. अन् झुंजीत तो गड्याला डोक्यावर उचलून फेकतो तेव्हा फेकला जाणारा स्वतःच उडी मारतोय हे शेंबडं पोरगंबी सांगंल. खालनं पट न काढता, पकड न घेता माणूस असा वर येत नसतोय.

आपल्याकडं १९६४ला दारासिंगचेच 'हर्क्युलिस' आणि 'सॅमसन' आले. ते तुमच्या इटलीवाल्यांचंच बघून काढलेलं, कबूल. सेट त्याहून दरिद्री. पण दारासिंग समोरच्याला उचलतो तेव्हा त्याचे पाय आधी जमिनीत रुततात, मग माणूस वर येतो. किंगकाँग नावाच्या धिप्पाड पैलवानाशी आखाड्यात भिडलेला गडी तो. नाटक कुठं संपतंय आणि कुस्ती कुठं चालू होतीय, हे त्याच्याकडं बघून कळतंय. म्हणून तलवारपट बघायचेच तर दारासिंगचे.

रविवारची_झोप

+१. तेही झोपूनच पाहिले, पण +१.

फ्रेमन्‌फ्रेम

या धाग्यावर रे हॅरीहाउझेनचं, म्हणजे बाहुल्या फ्रेमगणिक हलवून राक्षस जिवंत करणाऱ्या माणसाचं, नाव अजून आलं नाही म्हणजे कमाल आहे. पेशाने ॲनिमेटर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

१९६३चा 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'. शेवटी जमिनीतून सात सांगाडे उगवतात आणि तिघा माणसांशी तलवारीने लढतात. तीन-चार मिनिटांचा प्रसंग, पण हॅरीहाउझेनला त्यासाठी साडेचार महिने लागले. आधी नटांनी हवेत तलवारी चालवल्या, प्रत्येक वार मोजून. मग त्याने एकट्याने बाहुल्यांचे सांधे केसभर हलवायचे, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा केसभर. सात सांगाडे, प्रत्येकाला हात, पाय, मान, तलवार, ढाल. मध्ये फोन आला आणि 'तिसऱ्याचा डावा हात वर जात होता की खाली' हे विसरलं, तर सगळं मुसळ केरात.

मी दिवसभर संगणकावर हेच करतो. माझ्या चुका एका बटणाने मागे जातात. म्हणून की काय, माझ्या राक्षसांना वजन येत नाही. त्या प्रसंगात सांगाडा तलवार उगारण्याआधी किंचित थबकतो, जणू त्यालाही विचार करावा लागतोय. ते थबकणं मी तीनदा चोरलंय, एकदाही जमलं नाही.

पण डावखुरा, तुमच्या मुद्द्याला यातून आधार मिळत नाही बरं का. हे एका माणसाच्या वेडाचं फळ आहे. इटलीत पाट्या टाकल्यासारखे जे सिनेमे निघाले, त्यांत हे कुठे?

डावखुरा

मारिओ बाव्हा घ्या. पहिल्या 'हर्क्युलिस'चा छायालेखक तोच. १९६१मध्ये त्याने स्वतः हर्क्युलिसला पाताळात धाडलं, खलनायक ख्रिस्तोफर ली. हाताशी मोजकेच खांब आणि भिंतींचे तुकडे. तेच फिरवून फिरवून मांडले, धूर सोडला, दिव्यांवर लाल, हिरवे, निळे कागद चढवले आणि पाताळ उभं केलं. पाट्या टाकणारा माणूस निळ्या सावलीत एवढा जीव ओतत नाही.

आणि ती एक शाळाही होती. १९५९च्या 'पाँपेईचे शेवटचे दिवस'चा मूळ दिग्दर्शक आजारी पडला, तेव्हा सिनेमा पुरा करणाऱ्यांत सर्जिओ लिओने होता. त्याच चित्रीकरणात रीव्ह्जचा रथ झाडावर आदळून खांदा निखळला, आणि त्या खांद्याने पुढे त्याची कारकीर्दच खाल्ली. लिओनेचं दिग्दर्शक म्हणून पहिलं नाव लागलं तेही अशाच सिनेमाला, १९६१च्या ऱ्होड्सच्या पुतळ्यावरच्या. १९६४मध्ये तो काउबॉयांकडे वळला आणि त्याच्यामागे सगळी फौजच गेली. तलवारी ठेवल्या, पिस्तुलं घेतली.

सनावळी

शाळेचंच निघालं तर त्या शाळेचं जुनं हजेरीपुस्तकही उघडूया. माचिस्ते हे पात्र १९१४च्या 'काबिरिया' या इटालियन मूकपटातलं. तो साकारणारा बार्तोलोमेओ पागानो हा जेनोआच्या गोदीतला हमाल. इथवर छान. मग १९३७मध्ये मुसोलिनीच्या सरकारच्या पैशाने रोमन सेनापती स्किपिओवर अवाढव्य सिनेमा निघतो. आफ्रिका जिंकणारा रोमन, आणि इकडे इथिओपिया नुकताच गिळलेला. उघड्या छातीचा एक ताकदवान पुरुष येतो आणि दुबळ्या जनतेला सोडवतो, ही गोष्ट त्या देशाने वीस वर्षं राजकारणातही ऐकली होती. १९५८मध्ये पुन्हा तोच पुरुष, फक्त अमेरिकेहून आणलेला. त्याला नुसतं 'मजा' म्हणून सोडून द्यायला माझं मन धजत नाही.

डावखुरा

हा मात्र वजनदार वार आहे. रात्रभर विचार केला.

मी जे पाहिलेत त्यांत खलनायक बहुतेक वेळा गादी बळकावलेला जुलमी राजा असतो, आणि त्याला पाडल्यावर नायक गादीवर बसत नाही. माचिस्तेचं तर ठरलेलं: लोक म्हणतात राहा, राजकन्या डोळे भरून बघते, आणि हा पठ्ठ्या "अजून कुठेतरी कुणीतरी अडलंय" म्हणून वाटेला लागतो. मुसोलिनी वाटेला लागला नव्हता, त्याला लावावं लागलं. खेड्यापाड्यांतल्या, शहरभर फिरून झिजलेल्या प्रती दाखवणाऱ्या थिएटरांत हे सिनेमे चालायचे. तिथल्या शेतमजुराला ताकदवान माणूस हवा होता, पण काम झाल्यावर निघून जाणारा, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

सनावळी

सिद्ध होत नाही ते बरोबर. पण मुद्दा टिपून ठेवला आहे.

रोमपुणेरोम

कामानिमित्त सहा वर्षं रोममध्ये आहे. इथला चिनेचित्ता स्टुडिओ १९३७चा, म्हणजे सनावळीताईंच्या मुसोलिनीचाच. 'बेन-हर'च्या शर्यतीचं १८ एकरांचं मैदान इथेच उभारलं होतं. (त्या शर्यतीत माणूस मेला ही लोणकढी थाप आहे. रथावरून उडालेल्या स्टंटमनच्या हनुवटीला जखम झाली, बस.) आता तिकीट काढून आत जाता येतं. एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी बांधलेला रोमचा चौक अजून उभा आहे, २००७च्या आगीत त्याचा काही भाग गेला तरी.

गाइडची पाठ वळल्यावर मी एका खांबावर टिचकी मारली. रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा आवाज आला. मागे जाऊन बघितलं तर लोखंडी पाइपांची परांची, आपल्याकडे इमारतीला रंग देताना बांधतात तशी. पुढून संगमरवर, मागून परांची. तिथून बसने अर्ध्या तासात खऱ्या फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकात, गेलो. तिथले खांब अस्सल, पण त्यांच्यावर छप्पर नाही. खोटं सांगत नाही, 'रोमला आलो' असं मला आधीच्या ठिकाणी जास्त वाटलं.

चिंचपेटी

पडद्यामागे बसलेल्याचं कौतुक करायला आणखी एक पडद्यामागे जाऊन आला.

तालमीतला

ताई 😀

रविवारची_झोप

हॉलिवूडच्या भव्यपटांतल्या 'स्पार्टाकस'ची (रोममधल्या गुलामांच्या बंडावरचा) बाजू कोणीच घेईना, म्हणून मी घेतो. लढाईत स्पेनच्या लष्कराचे सुमारे ८,००० जवान उभे केले होते, आणि गुलामांच्या गर्जनेसाठी १९५९मध्ये अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याला आलेल्या हजारो प्रेक्षकांना ओरडायला लावून आवाज धरला. तेवढ्या गर्जनेला मी जागा होतो.

सनावळी

शेवटचं, कारण पेपर तपासायचेत. काल तुमचा 'हर्क्युलिस' पाहिला. पहिला तासभर माझी कुचंबणा झाली. साखळ्यांचा प्रसंग मात्र दोनदा पाहिला, नाकारत नाही. तिसऱ्यांदा मोबाइल आरशासमोर धरून पाहिला, तुम्हाला दिसला होता तसा. त्यावरून एक सांगायचंय. रोमन सैनिक तलवार उजव्या हातात धरी, कारण डाव्या हाताला ढाल. रांगेत एक जरी डावखुरा उभा राहिला तर ढालींची भिंत फुटते. तुमचं ते गणपतीतलं सैन्य पहिल्या पाच मिनिटांत कापलं गेलं असतं.

डावखुरा

ते ग्रीक होते ताई.

सनावळी

ग्रीकांना तर दुप्पट लागू. तिथे माझी ढाल माझ्या डावीकडच्याला झाकते.