आटे घासले, आटे चढले, आटे गेले

भाषांतरकर्ती
मोटारसायकलच्या देखभाल-पुस्तिकेचा मराठी मसुदा तपासते आहे. एका प्रकरणाचं शीर्षक आलंय, ‘स्पार्क प्लगचे खराब धागे दुरुस्त करणे’. इंग्रजी ‘थ्रेड’ला, म्हणजे स्क्रूवरच्या वळणदार कंगोऱ्यांना, धागे नकोतच. मी ‘मळसूत्र’ करून पाहिलं, पण वाचताना डोळ्यांपुढे मळसूत्री जिनाच येतो. ‘आटे’ छापील मजकुरात चालेल का? की तो फक्त बोलण्यातला शब्द आहे? आणि त्याचं एकवचन कोणी वापरतं का?

लेथवाला, कोल्हापूर
चालेल काय ताई, तोच चालतो. नट-बोल्ट असो नाहीतर नळाचा पाइप, मराठीत त्याला आटेच असतात. एकवचनही आहे, पण त्याचा अर्थ जरा सरकतो. ‘बारीक आटा’, ‘जाड आटा’ म्हणजे आट्याची जात, म्हणजेच पिच (दोन आट्यांमधलं अंतर). ‘दोनच आटे धरलेत’ म्हटलं की बोल्ट किती आत गेलाय त्याचा हिशेब. भोकाबद्दल बोलताना मात्र नेहमी अनेकवचन.

खरी चूक तुमच्या शीर्षकात दुसरीकडेच आहे. ‘स्पार्क प्लगचे आटे’ दुरुस्त करायला कोण बसतंय? प्लगचे खराब झाले तर प्लग फेकायचा, नवा आणायचा. प्लगचं अंग पोलादी, तो ज्यात बसतो ते इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) अॅल्युमिनियमचं. झटापटीत हार हेडची होते. दुरुस्ती होते ती हेडमधल्या आट्यांची. तेव्हा ‘हेडमधले प्लगचे आटे’ असं लिहा, नाहीतर वाचणारा भलत्याच वस्तूकडे बघत बसेल.

नागपूरकर
आमच्याकडे सर्रास ‘चुडी’ म्हणतात. ‘चुडी मेली’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

लेथवाला, कोल्हापूर
बोलायला बेस्ट आहे भावा, आमच्याकडचे परप्रांतीय कारागीरही तेच म्हणतात. छापताना मात्र आटेच बरे.

आणि ताई, क्रियापदावर लक्ष ठेवा, सगळी माहिती त्यातच असते. ‘आटे घासले’ म्हणजे अजून जीव आहे. प्लग अडकत-अडकत का होईना, बसतो. ‘आटे चढले’ किंवा ‘तिरके चढले’ म्हणजे प्लग सुरुवातीलाच वाकडा धरून पान्यानं रेटलाय. (प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवावा आणि बसल्यावरच पाना लावावा. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.) ‘आटे गेले’ म्हणजे प्लग नुसता गोल फिरतोय, घट्ट होतच नाही आणि काढला की त्याच्यावर अॅल्युमिनियमचा चुरा येतो.

उपायाचे शब्दही तसेच वेगळे. घासलेले आटे ‘साफ करतात’. चढलेले असतील तर ‘टॅप मारतात’ (टॅप म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार). गेलेल्यांना साधा टॅप काही कामाचा नाही, कारण कापायला धातूच उरलेला नसतो. तिथे भोक मोठं करायचं, मोठ्या मापाचे नवे आटे पाडायचे आणि आत ‘बुश’ किंवा ‘हेलिकॉइल’ बसवायची. बुश म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली भरीव नळी. हेलिकॉइल म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हासारखा छेद असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तारेचं वेटोळं. हे खरं कंपनीचं नाव, आता कुणाच्याही मालाला तेच म्हणतात. काही जण नुसतंच ‘स्प्रिंग टाकली’ म्हणतात. पुस्तिकेत तसं लिहू नका, वाचणारा व्हॉल्व्हची स्प्रिंग समजेल.

बिलावर ‘आटे नीट केले’ असं मोघम असेल तर यातलं नेमकं काय केलं ते विचारून घ्यावं. तिन्ही कामांच्या खर्चात आणि टिकण्यात फार फरक आहे.

स्पेअरपार्टवाला
मापाबद्दल माझी भर. गिऱ्हाईक येऊन ‘चौदाचा टॅप द्या’ म्हणतं. चौदा मिलिमीटरचा साधा जाड आटा २ मिलिमीटर पिचचा, गाड्यांच्या ऑइल ड्रेन बोल्टला बऱ्याचदा १.५ आणि प्लगला १.२५. चुकीचा टॅप फिरवला की बरे असलेले आटेही गेले. १२ च्या प्लगलाही १.२५ च पिच, १० च्या प्लगला १. एनजीके कंपनीच्या प्लगवरचं पहिलं अक्षर बघा: बी म्हणजे १४, डी म्हणजे १२, सी म्हणजे १०. आपल्याकडच्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या होंडा घराण्यातल्या गाड्या सी वाल्या.

प्लगच्या आट्यांच्या लांबीचं म्हणाल तर जुने मेकॅनिक ती सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १२.७ मिलिमीटरचा प्लग चार सूत, १९ चा सहा सूत. सहा सुताच्या हेडात चार सुताचा प्लग लावला की खालचे आटे उघडे पडतात आणि त्यांच्यात कार्बन भरतो. पुढे कोणी योग्य लांबीचा प्लग लावायला गेला की तो त्या कार्बनवर अडतो, जोर लावला जातो, आणि मग लेथवाल्यांकडे काम येतं.

भाषांतरकर्ती
म्हणजे सूत चाललं, धागा नाही! मसुद्यातली सूचना आता अशी केली आहे: ‘हेडमधले प्लगचे आटे गेले असल्यास, मोठ्या मापाचे नवे आटे पाडण्याआधी पिस्टन खाली घ्यावा, टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे आणि तो थोडा-थोडा फिरवत, अधूनमधून बाहेर काढून पुसावा, म्हणजे चुरा सिलिंडरमध्ये पडणार नाही.’

लेथवाला, कोल्हापूर
बरोबर. फक्त ‘इंजिन पूर्ण थंड झाल्यावर’ हे सुरुवातीला घाला. आणि हेलिकॉइलच्या टोकाची पट्टी मोडून काढायची असेल तर ती चिमट्यात धरूनच मोडायला सांगा. आत पडली तर हेड उतरवावं लागेल. ‘चुरा’ऐवजी आम्ही ‘बुरादा’ म्हणतो, पण तुमचा चुरा राहू दे, सगळ्यांना कळतो.