मदत हवी आहे : एकाच कंपनीत वीस वर्षं फिटर असलेल्या माझ्या दादाचा सीव्ही कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावासाठी हा धागा काढतेय. दादा ४४ वर्षांचा आहे. ठाण्याच्या आयटीआयमधून फिटर ट्रेड केला, मग अप्रेंटिसशिप, आणि २००४ पासून रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, सॉल्व्हंटच्या प्लांटवर, मेंटेनन्सला. लागला तो हेल्पर म्हणून, सीनियर फिटर होऊन बाहेर पडला. कंपनीने प्लांट गुजरातला हलवला आणि इथल्या लोकांचा हिशेब करून टाकला. दिवाळीपासून तो घरी आहे. आम्ही कळव्याला राहतो. वहिनी शिवणकाम करते, पुतण्या यंदा दहावीला आहे, त्यामुळे फार दिवस थांबणं परवडणारं नाही.

अडचण अशी की दादाला आयुष्यात कधी सीव्ही करावा लागला नाही. अप्रेंटिसशिप संपली, साहेब म्हणाले "सोमवारपासून ये", आणि तो गेला. आता त्याने स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून एक बायोडेटा टाइप करून आणलाय. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद हे सगळं त्यात आहे. 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' आहे. शेवटी 'आय हिअरबाय डिक्लेअर' आणि सही. मात्र वीस वर्षांच्या कामाला एकच ओळ : 'सीनियर फिटर, २००४ ते २०२५'. हा कागद त्याने बऱ्याच ठिकाणी दिला, कुठूनही फोन आला नाही.

मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे. मला ऑफिसच्या नोकरीचा सीव्ही जमतो, प्लांटचा जमत नाही. दादाला विचारलं तर म्हणतो, "त्यात काय लिहायचं? पंप बंद पडला की चालू करायचा. तेच काम." पण रात्री दोन वाजता कंपनीची गाडी त्यालाच न्यायला यायची हे मी लहानपणापासून पाहिलंय. नुसत्या फिटरसाठी कुणी गाडी पाठवत नाही. ते काम कागदावर कसं आणायचं, एवढंच मला समजून घ्यायचंय. आणखी एक, त्याच्याकडे सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे, पण त्या कामावर तो थोडाच काळ होता. ते लिहावं का?

खाडीपलीकडचा :

ताई, मी तळोज्याला मेंटेनन्स बघतो, माणसं निवडायचं काम माझ्याकडेच असतं. तुमच्या दादाची चूक नाही. आमच्या लाइनमधले बहुतेक सीव्ही असेच येतात, आणि त्यामुळेच चांगला माणूस आणि कच्चा माणूस कागदावर सारखेच दिसतात.

फिटरचा सीव्ही हातात आला की मी एकच गोष्ट शोधतो : याचा हात कशावर बसलाय? 'मेंटेनन्सचं सर्व काम' यातून मला काही कळत नाही. सेंट्रिफ्युगल पंप केलेत का, मेकॅनिकल सील (पंपाच्या शाफ्टजवळची गळती थांबवणारा भाग) स्वतः बदललंय का, ग्लास लाइन्ड रिअॅक्टरचा गिअरबॉक्स उतरवलाय का, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, व्हॅक्यूम पंप, हीट एक्स्चेंजर यातलं काय केलंय, ते नावाने लिहा. अलाइनमेंट (पंप आणि मोटर एका रेषेत आणणं) पट्टीने करतात, डायल गेजने की लेझरने, तेही लिहा. ड्रॉइंग वाचता येतं का? हॉट वर्क (वेल्डिंग, ग्राइंडिंगसारखं ठिणग्यांचं काम), उंचीवरचं काम, टाकीत उतरायचं काम यांची परमिट पद्धत माहीत आहे का? केमिकल प्लांटमध्ये हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. परमिट न बघता ग्राइंडर चालवणारा माणूस मला फुकट मिळाला तरी नको. वीस वर्षं सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये काढलेल्या माणसाने हे लिहिलं नाही, तर तो आपली सर्वात मोलाची गोष्ट लपवतोय असं मी म्हणेन.

त्याच्याकडे कामाच्या काही नोंदी आहेत का? वही, लॉगबुक, काहीही? असतील तर त्या घेऊन बसा. 'त्यात काय लिहायचं' म्हणणाऱ्या माणसाला 'तू काय काय केलंस' असं विचारलं तर काही सांगणार नाही. 'सगळ्यात त्रास कुठल्या पंपाने दिला?' असं विचारा, मग तासभर बोलेल.

बॉयलरचं सर्टिफिकेट जरूर लिहा. बॉयलर चालवायला बाष्पके संचालनालयाचं सर्टिफिकेट असलेला माणूस कायद्यानेच लागतो. फिटर असून बॉयलरही सांभाळू शकतो म्हटल्यावर लहान कंपन्या आधी फोन करतील. फक्त अनुभव जेवढा आहे तेवढाच सांगा.

घणसोली_सेक्टर७ :

मी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका ऑफिसात काम करते, त्या बाजूने सांगते. प्लांटच्या जागांसाठी आमच्याकडे येणारे बहुतेक सीव्ही व्हॉट्सअॅपवर येतात आणि आम्ही ते मोबाइलवर उघडतो. दोन रकान्यांची, रंगीत पट्ट्यांची डिझाइन तिथे वाचताच येत नाही. झेरॉक्सवाल्याने वर्डची फाइल दिली असेल तर ती प्रत्येक फोनवर वेगळी दिसते, म्हणून पीडीएफच करा. साधा एक रकाना, एक पान, फार तर दीड. फाइलचं नाव 'न्यू सीव्ही फायनल' नको. नाव, फिटर आणि कळवा एवढं फाइलच्या नावातच असू दे, म्हणजे आठवड्याने शोधलं तरी सापडतो.

मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर भरायचा असेल तर तिथे सॉफ्टवेअर आधी वाचतं. चौकटींमधला मजकूर, फोटोच्या आत लिहिलेली अक्षरं त्याला नीट वाचता येतीलच असं नाही. जाहिरातीत 'मेकॅनिकल फिटर' असेल तर तोच शब्द सीव्हीत हवा. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल केलं असेल तर ते अधूनमधून उघडून अपडेट करत राहा. अलीकडे कोण सक्रिय होतं यावरून आम्ही यादी गाळतो. राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवरही नाव नोंदवा, जिल्ह्याचे रोजगार मेळावे तिथे कळतात.

धर्म, वडिलांचं नाव, लग्न, छंद, डिक्लेरेशन हे सगळं काढा. आधार आणि पॅन नंबर असतील तर आजच काढा, सीव्ही कुठे कुठे फिरतो याचा पत्ता नसतो. पूर्ण पत्ताही नको, 'कळवा, ठाणे' पुरे. त्याखाली एक ओळ मात्र हवी : तळोजा, पाताळगंगा, अंबरनाथपर्यंत जायची तयारी आहे का आणि नाइट शिफ्ट चालेल का. कळव्याचा माणूस पाताळगंगेला रोज येईल का, ही शंका आम्हाला पहिल्यांदा येते. तिचं उत्तर आधीच मिळालं तर फोन लवकर जातो.

जन्मतारीख मी ठेवू नका असंच सांगेन.

खाडीपलीकडचा :

जन्मतारखेचं मला पटत नाही. पास झाल्याचं साल बघितलं की वय कळतंच. आमच्याकडे तरी ४४ वर्षांचा फिटर म्हणजे ऐन कामाचा माणूस. लपवल्यासारखं वाटायला नको.

घणसोली_सेक्टर७ :

तुमच्याकडे असेल, सगळीकडे नाही. ताई, सध्या काढा. मागितली तर द्या.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दादाला पंपाचाच प्रश्न विचारला आणि खरंच तासभर बोलला. मग आतून खिशातल्या डायऱ्या आणल्या. आमच्या घरात कुणालाच त्या माहीत नव्हत्या. पानांना ग्रीसचे डाग आहेत, अक्षर बारीक. एक नोंद जशीच्या तशी देते :

'पी १०४. सील परत गेलं. बेअरिंग ६३०८ ड्राइव्ह एंड गरम. डायल लावला, अलाइनमेंट आउट. सक्शन लाइन सोडली तर फ्लँज बाजूला सरकला. लाइनचा ताण पंपावर येतोय. सपोर्ट मागितला.'

पुढच्या पानांवर सपोर्ट बसवल्याची तारीख आहे, आणि त्यानंतर वर्षभर त्या पंपाच्या सीलची नोंदच नाही. आधी दर दोन-तीन महिन्यांनी आहे. अशा कितीतरी नोंदी आहेत. मला यातलं तांत्रिक फारसं कळत नाही, पण हेच लिहायला हवं ना?

खाडीपलीकडचा :

ताई, हेच आणि हेच. सील गेलं की बदलणारे पुष्कळ असतात. का जातंय म्हणून लाइन सोडून बघणारा दहात एखादा. सीव्हीत असं घाला (इंग्रजीत करा, पण साध्या) : 'सॉल्व्हंट ट्रान्सफर पंपाचं मेकॅनिकल सील दर दोन-तीन महिन्यांनी खराब होत होतं. सक्शन पाइपचा ताण हे कारण शोधलं, सपोर्ट बसवून घेतला, पुढे वर्षभर सील बदलावं लागलं नाही.' पी १०४ लिहू नका, तो नंबर त्या कंपनीबाहेर कुणाला कळणार नाही. प्रॉडक्टचं, प्रोसेसचं नावही टाळा, जुन्या कंपनीची गुपितं बाहेर गेल्यासारखं होतं. अशा चार-पाच नोंदी निवडा, वेगवेगळ्या मशीनच्या. आकडा डायरीत असेल तरच द्या, अंदाजाने टक्के लिहू नका. मुलाखतीत मी नेमकं तिथेच बोट ठेवतो.

वीस वर्षं एका ओळीत नको, तीन टप्पे करा : हेल्पर, फिटर, सीनियर फिटर, प्रत्येकाची वर्षं. एकाच ठिकाणी तो वर चढत गेला हे त्यातून दिसेल. सर्वात वर शेवटचा टप्पा, तिथेच जास्त मजकूर. हाताखाली किती माणसं होती, शटडाऊनमध्ये कुठला भाग त्याच्याकडे असायचा, तेही तिथेच. हेल्परला एक ओळ पुरे. आयटीआय आणि अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट खाली, साल घालून.

कोपरीचा_वेल्डर :

एक भर घालतो. दादाला स्वतःला बोलता येईल तेवढंच इंग्रजी सीव्हीत ठेवा. माझ्या सीव्हीत भाच्याने भारी शब्द घातले होते, पहिल्याच प्रश्नाला अडकलो. नंतर साधा केला आणि मुलाखत मराठी-हिंदीत आरामात झाली.

धागाकर्ती :

हे फार उपयोगाचं सांगितलंत. दोन शंका राहिल्यात. दिवाळीपासून घरी आहे ते कसं लिहायचं? आणि प्लांट बंद होताना अनुभवाचं पत्र नीट मिळालेलं नाही, नुसतं हिशेबाचं पत्र आहे.

घणसोली_सेक्टर७ :

नोकरी सोडल्याचं कारण एका वाक्यात, तारखेपुढेच : 'प्लांट गुजरातला स्थलांतरित झाल्याने सेवा समाप्त'. यात कमीपणा काहीच नाही. कारण लिहिलं नाही तर लोक काढून टाकलं असेल असं समजतात. या काळात कुठे रोजंदारीवर दुरुस्तीची कामं केली असतील तर तीही लिहा.

अनुभवासाठी पीएफचं पासबुक काढून ठेवा. यूएएन नंबरने (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) ऑनलाइन मिळतं, त्यात कंपनीचं नाव आणि महिन्यागणिक भरणा दिसतो. यूएएन २०१४ मध्ये आला, त्याआधीच्या वर्षांसाठी जुन्या पगाराच्या स्लिपा आणि नेमणुकीचं पत्र शोधा. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही आत्ताच बघा, स्पेलिंगच्या फरकावरून रुजू होताना अडतं. यातलं काहीही सीव्हीला जोडू नका, मुलाखतीला फाइलमध्ये न्या. आणि गेटपास किंवा रजिस्ट्रेशनच्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. ज्याला माणूस हवाय तो माणसाकडून पैसे घेत नाही.

खाडीपलीकडचा :

सीव्ही तयार झाला की नाव-नंबर झाकून इथे टाका, तांत्रिक शब्द मी तपासून देतो. बॉयलरचं सर्टिफिकेट चालू आहे ना, तेवढं बघून ठेवा.