पाखाडीवर पाय मुरगळला, चौथ्या दिवशीही सूज तशीच

आगरवाली, अंजर्ले:
रविवारी पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना शेवाळ्यावरून सटकले. पाऊल आत वळलं, कट् असा आवाज आला. घोट्याबाहेर लिंबाएवढी सूज, आता काळंनिळं तळव्याच्या कडेपर्यंत उतरलंय. लंगडत चालते. शेजारच्या काकू म्हणतात, गरम तेलाने चोळून ओढून बसवून घे. एक्स-रेला दापोली गाठायची तर भर पावसात अख्खा दिवस मोडतो. हाड मोडलंय की नुसता लचकलाय, घरी कसं कळावं?

फिजिओ, रत्नागिरी:
ताई, चोळू नका आणि ओढू तर कुणालाच देऊ नका. फाटलेलं आणखी फाटतं.
नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड मिळून चिमटा होतो, त्यात टॅलस नावाचं हाड बसतं. ते पुढे रुंद, मागे निमुळतं. उतरताना चवडा खाली गेला की निमुळता भाग चिमट्यात येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणूनच पाय बहुतेकदा उतरताना दगा देतो. आतलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, दणकट असतं. बाहेर तीन, त्यांतलं पुढचं सगळ्यांत नाजूक. बहुधा तेच जातं.
आता बोटाने हाड दाबून बघा. त्याच पायाच्या आतल्या आणि बाहेरच्या घोट्याची टोकं आणि तिथून मागच्या कडेने वर सहा सेंटिमीटर. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत, मध्यावर एक उंचवटा लागतो तो. आतल्या घोट्याच्या पुढे खाली तसाच एक आहे. यांपैकी कुठेही हाडावरच कळ आली किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर दिवस मोडला तरी एक्स-रे काढाच. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये बसवलेली ही पद्धत आहे. उंचवटा विसरू नका, पाऊल आत वळताना तिथला स्नायू हाडाचा तुकडा उपटतो.

नाखवा, हर्णै:
माझा होडीतून उतरताना गेला होता. दुखायचं थांबलं तसा लगेच बंदरावर गेलो. दोन वर्षांत तोच पाय आणखी तीनदा मुरगळला. शेवटी रोज दात घासताना त्या एका पायावर उभा राहायला लागलो, तेव्हा भरवसा आला. पण हाड धड आहे हे कळल्यावरच हो, ताई.

आगरवाली, अंजर्ले:
घोटा दाबला, सोसवलं. तो उंचवटा दाबला आणि डोळ्यांत पाणी आलं. सकाळच्या एसटीने दापोलीला जाऊन आले. तिथेच चीर आहे. ऑपरेशन नको म्हणाले, कडक तळाचा बूट दिलाय. काकूंनाही फोटोत चीर दाखवली. मुलाने पाखाडीवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलंय.