'पार्ट्स ऑफ स्पीच'मधलं 'स्पीच' म्हणजे नक्की काय?

भाचीला इंग्लिश ग्रामर शिकवतेय. काल म्हणाली, मावशी, स्पीच म्हणजे भाषण ना, मग हे भाषणाचे भाग कसे? मला उत्तरच देता आलं नाही. आणि दुसरं म्हणजे नाउन, प्रोनाउन सगळ्यांच्या व्याख्या तिला तोंडपाठ आहेत पण वाक्यात शब्द दाखवला की अडते. 'दे सॅट राउंड द फायर' यातल्या 'राउंड'ला तिने अ‍ॅडजेक्टिव्ह लिहिलं, का तर राउंड म्हणजे गोल. कुणी नीट समजावेल का?

*

ताई, भाचीला शंका अगदी योग्य आलीय. हा शब्दप्रयोग लॅटिनमधल्या 'पार्तेस ओरातिओनिस'वरून आलाय आणि तिथे ओरातिओ म्हणजे बोलणं, वाक्य. म्हणजे वाक्याचे भाग. आपण 'शब्दांच्या जाती' म्हणतो आणि मला वाटतं अर्धा घोळ तिथेच होतो, कारण जात म्हटलं की ती शब्दाला जन्मापासून चिकटलीय असं वाटतं आणि मुलं शब्द बघून जात सांगतात, वाक्य बघतच नाहीत.

तोच राउंड घ्या. 'अ राउंड टेबल'मध्ये विशेषण, 'द सेकंड राउंड'मध्ये नाम, 'द कार राउंडेड द कॉर्नर'मध्ये क्रियापद, 'शी टर्न्ड राउंड'मध्ये क्रियाविशेषण, आणि शेकोटीच्या वाक्यात तो 'द फायर'च्या आधी येऊन कशाभोवती बसले ते सांगतोय म्हणून प्रीपोझिशन. शब्द एकच, कामं पाच.

मराठीतून दाखवा, लगेच कळेल. 'तो वर गेला' यात वर क्रियाविशेषण, 'टेबलावर' मध्ये शब्दयोगी अव्यय. फक्त आपलं शब्दयोगी नामाच्या मागून येऊन चिकटतं आणि इंग्लिशमध्ये ते आधी येतं, सुटं. प्रीपोझिशन या नावातच 'आधी ठेवलेलं' हा अर्थ आहे.

*

पण मग मराठीतल्या आठ जाती आणि इंग्लिशमधल्या आठ इतक्या तंतोतंत कशा जुळतात?

*

कारण आपल्याकडचं हे आठाचं वर्गीकरण इंग्लिश व्याकरणाच्या वळणावर बसवलेलं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, त्यावर इंग्लिश व्याकरणाची छाप दिसते. आपल्या जुन्या परंपरेत यास्क या प्राचीन संस्कृत पंडिताने चारच मानल्यात, नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे 'च', 'वा' यांसारखी अव्ययं). आणि ग्रीकांच्याही आठच होत्या पण त्या वेगळ्या, त्यात आर्टिकल होतं, इंटरजेक्शन नव्हतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही म्हणून रोमन लोकांनी ते काढलं आणि इंटरजेक्शन घातलं. विशेषण तर कितीतरी शतकं नामातच धरायचे. त्यामुळे आठ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, हल्ली बरेच जण 'अ', 'द', 'माय', 'दिस' यांचा डिटर्मिनर म्हणून वेगळा गट करतात.

*

ताई, एक राहिलंच, मराठी मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ते अ‍ॅडजेक्टिव्ह आणि अ‍ॅडव्हर्बमध्ये. आपण म्हणतो 'चांगली मुलगी' आणि 'ती चांगली गाते', दोन्हीकडे चांगली, आणि गाणारा मुलगा असेल तर 'तो चांगला गातो', म्हणजे क्रियेबद्दल सांगतानाही शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो. मग मुलं सरळ 'शी सिंग्ज गुड' लिहितात. त्यांचं मराठी डोकं बरोबरच चाललेलं असतं, इंग्लिशला मात्र तिथे 'वेल' लागतं. म्हणून नुसतं लाल पेनाने खोडू नका, 'कसं गाते?' असा प्रश्न विचारा, कसं आलं की अ‍ॅडव्हर्ब. आणि शेवटी 'ली' दिसलं की अ‍ॅडव्हर्ब ही युक्ती शिकवू नका प्लीज, 'फ्रेंडली' अ‍ॅडजेक्टिव्ह आहे, आणि 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे मेहनत करतो पण 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामच करत नाही जवळजवळ, अर्थ पार उलटा.

*

खूप खूप आभार सगळ्यांचे. तिला 'वर'ची वाक्यं दाखवली तर तिने आपणहून 'खाली बस' आणि 'झाडाखाली' शोधून काढलं, मग 'मागे बघ' आणि 'घरामागे'. राउंडचं उत्तर स्वतःच खोडून परत लिहिलं. आता 'फास्ट' घेऊन बसलीय, त्याचा उपवास हा अर्थ मीच सांगितला तर म्हणते मग नाउन पण झालं आणि उपवास करणं म्हणजे वर्ब पण, बरोबर ना?

*

अगदी बरोबर. आता तिला 'बिफोर' द्या.